आमच्याकडे माणूस आधीच नॉर्मल असतो

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. आमच्या सेंटरच्या माळ्यावर लोकांनी न नेलेल्या एक्स-रेची पाकिटं साठलीत ना, तसे ते आपोआप साठतात. फेकायला काढले की कुणीतरी म्हणतंच, "राहू द्या की सर, लागतील कधीतरी!" आणि ते कधीच लागत नाहीत. यंदा मात्र लागले.

झालं असं, की मॅनेजमेंटनं पत्रक काढलं. नव्या स्टाफसाठी अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग. विषय, 'संवाद, जिज्ञासा आणि नवे तंत्रज्ञान'. वक्ते, गायकवाड. म्हणजे मी! सोलापुरातल्या एका एक्स-रे आणि सोनोग्राफी सेंटरमध्ये मी बावीस वर्षं रिपोर्ट टाइप करतोय. डॉक्टर बोलणार, मी टाइप करणार. एवढ्या वर्षांत 'गायकवाड, तुम्हाला काय वाटतं?' असं मला एकदाही कुणी विचारलेलं नाही, आणि आता एकदम वक्ता!

"पीपीटी करा आणि त्यात किस्से टाका. लोकांना किस्से आवडतात," मॅनेजर म्हणाले.

किस्से भरपूर आहेत हो. पण त्यातला एक सांगायचा की नाही, हे ठरत नव्हतं. तो आमच्या नजीरभाईंचा. नजीरभाई आमचे सगळ्यात जुने एक्स-रे टेक्निशियन. सध्या फुप्फुसाच्या कॅन्सरनं घरी आहेत. तो उशिरा सापडला, आणि त्या उशिरात माझा हात आहे. हे त्यांना माहीत नाही, असं मला वाटत होतं. ते शेवटी सांगतो. आधी बाकीचे.

*

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगायला हवं. कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडला की तो कोरा नसतो, आधीच भरलेला असतो. लिव्हर नॉर्मल, किडन्या नॉर्मल, हृदयाचा आकार नॉर्मल. डॉक्टर जे बिघडलेलं सांगतील तेवढंच आपण खोडायचं आणि नवं टाइप करायचं. वेळ वाचतो. म्हणजे आमच्याकडे माणूस आधीच नॉर्मल असतो, आजार टाइप करावा लागतो! टाइप करायला विसरलात, तर पेशंट कागदावर ठणठणीत.

करमाळ्याकडचे एक गृहस्थ पोटाची सोनोग्राफी करून गेले. साठीचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलं होतं, पण त्या दिवशी गर्दी होती आणि एक ओळ खोडायची माझ्याकडून राहिली. तिसऱ्या दिवशी ते रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलासमोर उभे.

"सायेब, हितं काय लिवलंय ते वाचा की जरा."

मी वाचलं. "दोन्ही किडन्या नॉर्मल."

"दोनी?"

"हो, दोन्ही. काळजीचं काही कारण नाही."

त्यांनी सदरा वर करून कमरेवरचा लांबलचक व्रण दाखवला. "येक म्या लेकीला दिली हुती. चार वर्सं चालली. पोरगी तर दिवाळीत गेली की सायेब. मग ही किडनी परत कवा आली?"

मी दुसरा रिपोर्ट काढून दिला. दोनदा प्रिंट चुकली. त्यांनी नवा कागद घडी करून खिशात ठेवला आणि जुना मागितला. म्हणाले, "ह्यो चुकीचाबी ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी." का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

या प्रकारानंतर मॅनेजमेंटनं ठरवलं, रिपोर्ट तपासायला आणखी एक माणूस घ्यायचा. ती पद्मा. तिचं पुढे येईलच.

*

नजीरभाईंची एक खोड होती. छातीचा एक्स-रे काढताना पेशंटला श्वास भरून रोखायला सांगतात. नजीरभाई काचेमागं उभे राहून पेशंटबरोबर स्वतःही श्वास घ्यायचे. स्वतःची छाती गच्च भरली की म्हणायचे, "रोको!" बटण दाबलं की दोघंही एकदम सोडायचे. दिवसभर, प्रत्येक पेशंटबरोबर.

"कायकू करते नजीरभाई? दमत नाही का?" मी विचारायचो.

"घडी देखके बोला तो मशीन का टाइम मिलता सर, आदमी का नै मिलता. मेरी छाती भरी तो उसकी भी भरी."

नवं डिजिटल मशीन आलं तेव्हा त्यात सूचना देणारा रेकॉर्ड केलेला आवाज होता. गोड आवाजाची बाई शुद्ध हिंदीत सांगणार, "साँस भरिए... रोकिए... छोड़िए." मॅनेजर खूश. दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटच्या पलीकडची एक म्हातारी आली, नुसतं कन्नड बोलणारी. मशीनमधल्या बाईनं काय सांगितलं ते तिला कळेना. शेजारी उभ्या नातवानं सांगितलं तेव्हा तिनं श्वास रोखला. तेवढ्यात लाइट गेली आणि मशीनमधली बाई मुकी झाली. म्हातारी आज्ञाधारक. आता सोडा म्हणणारं कुणी नाही, म्हणून रोखूनच उभी! डोळे बाहेर आले, ओठ निळे पडायला लागले. नजीरभाई काचेमागून धावले आणि तिच्या पाठीत थाप मारून ओरडले, "उसिरु बिडी अज्जी, बिडी!"

अज्जीनं श्वास सोडला आणि खाली बसून रडायलाच लागली. नजीरभाईंनी मशीनच्या आवाजाचं बटण कायमचं बंद केलं.

"रोको बोलना आसान है सर. छोड़ो बोलने कू आदमी होना," ते म्हणाले.

*

याच नव्या मशीनचा आणखी एक किस्सा. बसवायला आलेल्या इंजिनिअरला चाचणीसाठी एक छाती हवी होती. पेशंट कुणी नव्हता.

"मेरी लेव. घर में कोई फोटो लेता नै," नजीरभाई म्हणाले आणि शर्ट काढून उभे राहिले.

इंजिनिअरनं नावाच्या जागी लिहिलं, टेस्ट. आडनाव, टेस्ट. वय, शून्य. फोटो झकास आला. रिपोर्ट अर्थातच आधीच भरलेला होता: दोन्ही फुप्फुसं नॉर्मल. डॉक्टरांकडे तो गेलाच नाही, कारण टेस्टला कसला आलाय डॉक्टर! तेव्हापासून नवीन माणूस आला की नजीरभाई त्याला हाच फोटो दाखवून शिकवायचे. लाकडी पट्टी स्क्रीनवर टेकवायची आणि म्हणायचं, "ये देखो टेस्ट टेस्ट साब. पसलियाँ गिनो. दस दिखी तो साँस पूरी, फोटो पास." बरगड्या मोजून झाल्या की शेवटचं वाक्य ठरलेलं, "एकदम तंदुरुस्त आदमी!" आम्ही सगळे हसायचो.

महिन्याभरानं पद्मा लागली. तिच्या वडिलांचा चादरीचा माग होता. लहानपणापासून तिचं काम एकच, विणलेल्या चादरीत तुटलेला धागा शोधायचा. तिलाही नजीरभाईंनी टेस्ट टेस्ट दाखवला. ती दुपारी माझ्याकडे आली.

"सर, त्या टेस्टच्या फोटोत डावीकडं वर काहीतरी दिसतंय ओ. हरभऱ्याएवढं. काय असंल?"

"अगं, टेस्ट आहे तो! मशीन नवीन होतं, डाग आला असेल. पुढचा रिपोर्ट घे."

ती गेली. हे एवढंच. सगळं बोलणं अर्ध्या मिनिटात संपलं होतं.

*

पद्माला प्रश्न विचारायची सवयच होती. डॉक्टर वैतागायचे, मी तर फारच. पण एकदा तिच्या प्रश्नानं आमची तोंडं बंद केली.

एक बाई मनगटाच्या एक्स-रेला आली. तिशीची. चिठ्ठीवर लिहिलेलं, 'जिन्यावरून पडल्या'. पद्मानं नाव टाकून जुने रिपोर्ट काढले. सहा महिन्यांपूर्वी बरगडी, जिन्यावरून पडल्या. तीन महिन्यांपूर्वी जबडा, जिन्यावरून पडल्या. आता मनगट.

मी म्हटलं, "असतात काही लोक धांदरट."

पद्मा नजीरभाईंशी काहीतरी कुजबुजली. नजीरभाईंनी तिच्यासोबत आलेल्या नवऱ्याला बाहेर बसवलं, "रेडिएशन आहे, तुम्हाला लागेल," असं सांगून. मग पद्मा आत गेली.

"ताई, जिना लई उंच हाय का ओ तुमचा?"

"व्हय. लई उंच हाय," बाई खाली बघत म्हणाली.

"पण पत्ता तर पत्र्याच्या खोलीचा लिहिलाय तुम्ही. एकच खोली हाय ना?"

बाई दुखऱ्या हातानं पदर नीट करत राहिली.

पद्मानं महिलांच्या हेल्पलाइनचा नंबर एक्स-रेच्या पाकिटात आतल्या बाजूला लिहून दिला. ती बाई चौथ्यांदा आमच्याकडे आली नाही. हे चांगलं झालं की वाईट, ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. पद्मा अजूनही मधूनमधून ते नाव टाकून बघते.

*

आता तंत्रज्ञान. मॅनेजरनी एक 'क्रिएटिव्ह' योजना आणली. रिपोर्ट नेल्यावर पंधरा दिवसांनी पेशंटला आपोआप फोन जाणार. फोनवर पुन्हा तीच गोड बाई, यावेळी मराठीत: "आपला त्रास कमी झाला असल्यास एक दाबा. नसल्यास दोन दाबा." जेवढे एक, तेवढे समाधानी पेशंट.

पहिल्याच यादीत एक नाव बघून पद्मा थबकली. त्या माणसाच्या लिव्हरचा रिपोर्ट तिनंच तपासला होता. तो वाचून तिनं डबा तसाच परत नेला होता. आणि नावापुढे एक! तिनं फोन लावला. बायकोनं उचलला.

"काकू, काकांचा त्रास कमी झाला का ओ?"

"व्हय बाई. आता कायबी दुकत न्हाय त्यास्नी. परवाच धाव्वं झालं."

"मग... तो फोन आला तवा तुम्ही एक का दाबला?"

"त्या बाईनं तरास कमी झाला का, आसं इचारलं. झाला की! लई वरडायचे वो रातीचे. खोटं कशाला बोलू?"

मीटिंगमध्ये मॅनेजरनी पडद्यावर समाधानी पेशंटांचा हिरवा गोल दाखवला. मी उठून म्हणालो, "सर, त्यातला एक समाधानी पेशंट वारलाय."

"सिस्टिममध्ये आलेला डेटा बदलता येत नाही, गायकवाड," मॅनेजर म्हणाले. टाळ्या पडल्या.

*

यंदा उन्हाळ्यात पद्मा पुन्हा एक प्रश्न घेऊन आली.

"सर, संध्याकाळच्या पेशंटांचा श्वास कमी होतो का ओ?"

"म्हणजे काय?"

"सकाळच्या फोटोत दहा बरगड्या दिसतात. चारनंतरच्या फोटोत आठच. महिना झाला, मी मोजतीय."

"उन्हाचे दमलेले असतात लोक."

"पण सर, पेशंट तर रोज येगळे असतात," ती म्हणाली. "नजीरभाई तेच असतात."

स्वतःची छाती भरली की रोको म्हणणारा माणूस! त्याचीच छाती आता दुपारपर्यंत दमून लवकर भरत होती, म्हणून तो पेशंटला लवकर थांबवत होता. पेशंटांच्या अर्धवट श्वासाचे फोटो आमच्या स्क्रीनवरून महिनाभर जात होते आणि आम्ही त्यांच्याखाली नॉर्मल, नॉर्मल छापत होतो.

त्याच दिवशी त्यांना त्यांच्याच मशीनसमोर उभं केलं. यावेळी डॉक्टर स्वतः फोटो बघायला आले. डावीकडचा वरचा कोपरा मोठा करून बघितला. मग विचारलं, "नजीरभाई, छातीचा जुना फोटो आहे का? तुलना करायला?"

"नै साब. दुनिया का निकाला, अपना कभी नै निकाला," नजीरभाई शर्टाची बटणं लावत म्हणाले.

मी तिथंच उभा होतो. टेस्ट टेस्ट मला तत्क्षणी आठवला, आणि मी तोंड उघडलं नाही. संवादावर भाषण देणारा माणूस हा असा!

नजीरभाई घरी गेल्यावर मी आणि पद्मानं दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. जागा तीच, डावीकडं वर. दोन वर्षांपूर्वी हरभरा, आता लिंबू.

"सर, मी विचारलं होतं," पद्मा म्हणाली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं, पण ती एवढंच बोलून आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "तेव्हा कळलं असतं तर ऑपरेशन करून काढता आलं असतं, गायकवाड." नजीरभाईंना सांगायचं का, विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही ठरवा."

मी काय ठरवलं? ट्रेनिंगच्या फोल्डरमधून टेस्ट टेस्ट उचलला आणि दुसरीकडे लपवून ठेवला. दर रविवारी मी नजीरभाईंकडे जायचो. बिस्किटं न्यायचो, क्रिकेटवर बोलायचो. सांगायचं म्हणून जायचो आणि न सांगता यायचो. लाज वाटायची, पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच व्हायचं.

*

ट्रेनिंगचा दिवस उजाडला. समोर तीन नव्या मुली, वह्या उघडून. मी पीपीटी सुरू करतोय तोवर दारात रिक्षा थांबली आणि नजीरभाई उतरले. डोक्याला रुमाल बांधलेला, शर्ट दोन मापं मोठा वाटत होता.

"सुना ट्रेनिंग है. मेरे बगैर?" म्हणाले आणि मागच्या खुर्चीत बसले.

मी करमाळ्याचा किस्सा सांगितला, अज्जीचा सांगितला, जिन्याचा, हिरव्या गोलाचा. मुली कुठं हसल्या, कुठं गप्प झाल्या. शेवटी मी म्हटलं, "झालं. काही शंका?"

"झालं कैसा?" नजीरभाई मागून म्हणाले. "टेस्ट टेस्ट साब कू दिखाए नै तुम."

"ती फाइल... उडाली नजीरभाई. नवीन सॉफ्टवेअर आलं ना," मी म्हटलं.

पद्मा उठली, माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरपाशी गेली आणि तिनं स्वतःकडे ठेवलेली त्या फोटोची कॉपी पडद्यावर लावली.

नजीरभाई हळूहळू पुढं आले. लाकडी पट्टी घेतली. "पसलियाँ गिनो बेटा."

मुलींनी मोजल्या. दहा.

"साँस पूरी. फोटो पास. अब रिपोर्ट पढ़ो."

एकीनं वाचलं, "दोन्ही फुप्फुसं नॉर्मल."

"और कुछ पूछना है?"

मग नातेपुत्याकडची एक मुलगी होती, तिनं भीतभीत हात वर केला.

"सर, ह्यो पेशंट कोन हाय?"

नजीरभाई हसले आणि हसता हसता खोकला आला. तो थांबायला वेळ लागला. पद्मानं पाणी दिलं. ते प्याले आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "दो साल में दूसरा सवाल आया इसके ऊपर. पहला तुम पूछे थे ना बेटा? मैं दरवाजे में ही खड़ा था. सर दाग बोले, मैं भी मान लिया."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सरको सर, जरा बैठने देव."

मी खुर्ची सोडली. ते कॉम्प्युटरसमोर बसले. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी टेस्ट खोडलं, दुसरा टेस्ट खोडला आणि तिथं आपलं पूर्ण नाव टाइप केलं. मग बाण वयाच्या चौकटीवर नेला. तिथला शून्य खोडला आणि थांबले.

"उमर कौनसी डालूँ, सर?" त्यांनी मला विचारलं. "तबकी, या अबकी?"